हायती तेवढी

पदासाठी माणसं काय काय करतात ते आपण रोज बघतो, पण 'पद' या शब्दानं ज्याची झोप उडवली असा माणूस छावणीतल्या त्या शाळेत एकच होता. सोनाजी मास्तर. गोष्ट एक्कावन्न सालची. पोलीस ॲक्शनला तीन वर्षं होत आली होती. शाळेच्या दारावरची उर्दू पाटी उतरून तिथं मराठी पाटी चढली होती, आणि वरून हुकूम आला होता की यापुढं सगळे विषय मराठीतून शिकवायचे. गावात पेढे वाटले गेले. सोनाजी मास्तरांनीही हौसेनं एक खाल्ला. तो गळ्याखाली उतरल्यावर मग त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला मराठीत गणित येतच नाही.

आता मराठी माणसाला मराठीत गणित येत नाही म्हटलं तर हसू येईल. पण हसण्याआधी जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. घरात मराठी, बाजारात अर्धी मराठी अर्धी दखनी, आणि शाळेत पहिलीपासून इंटरपर्यंत सगळं उर्दू. बीजगणित त्यांच्या लेखी जबर-ओ-मुकाबला. न कळलेली संख्या ती मजहूल, आणि फळ्यावर तिच्यासाठी 'ला' हे अक्षर काढायचं, तेही उजवीकडून डावीकडं लिहीत. पुण्याकडच्या नव्या पुस्तकात जिला बहुपदी म्हणतात, ती त्यांच्या उस्तादांनी कसीर रकमी म्हणून शिकवली होती, आणि इतकी सुरेख शिकवली होती की त्या दिवशीचा खडूचा वाससुद्धा मास्तरांच्या लक्षात होता. अशा माणसाला एक दिवस सांगायचं की तुझं डोकं तेच राहू दे, फक्त आतली भाषा बदलून घे. हुकूम काढणाऱ्याला काय, कागद काढला की झालं.

सोमवारी हेडमास्तर तात्यासाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. तात्यासाहेब गंगापूरकडचे जमीनवाले, स्वभावानं वाईट नव्हते, पण वरच्याचा कागद आला की त्यांची पाठ ताठ व्हायची. त्यांनी सांगितलं की शुक्रवारी तपासनीस साहेब येणार आहेत, पुण्याकडचे आहेत, कडक आहेत. ते आठवीच्या वर्गात बसून मास्तरांचा एक पाठ बघणार, आणि पाठाचा विषयही त्यांनीच धाडला होता. बहुपदीची ओळख. पाठ मराठीत जमला तर मास्तर जागेवर राहणार. नाही जमला तर पहिल्या तारखेपासून हजेरीपटातलं त्यांचं नाव कमी होणार. याच पावसाळ्यात दोन जण असे गेले होते. त्यांतले एक तर मास्तरांपेक्षा दसपट हुशार होते. गुलमंडीच्या चौकात आता ते लोकांचे अर्ज लिहून द्यायला बसत.

"सोनाजी, माझ्या हातात काही नाही बरं का," असं तात्यासाहेब म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा उघडला. मास्तरांना पान पुढं केलं, पण त्यांच्या तोंडचं पाणी आधीच पळालं होतं.

नोकरी गेली तर काय, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला नुसता पोटाचा वाटला असता. मास्तरांचा तो त्याहून जुना होता. ते धनगराच्या पोटचे. बाप बिरू लासूर स्टेशनच्या आसपास मेंढरं घेऊन फिरायचा, अजूनही फिरत होता. सोन्या आठ वर्षांचा असताना एकदा जनावरांच्या मोजणीवर महसूल खात्याचा गिरदावर आला. लिंबाखाली घोडं बांधून त्यानं वही उघडली आणि विचारलं, मेंढरं किती? बिरूनं जे त्याच्या बापानं आणि आज्यानं सांगितलं असतं तेच सांगितलं, "हायती तेवढी, सरकार."

धनगर मेंढरांचा आकडा तोंडातून काढत नाही. आकडा बोलला की नजर लागते, असं त्यांच्यात मानतात. मनात पक्का असतो, एक कोकरू कमी झालं तरी अंधारात कळतं, पण बाहेर विचाराल तर उत्तर ठरलेलं. हायती तेवढी. गिरदावराला ते उद्धटपणाचं वाटलं. तो डाफरायला लागला, बापानं मान खाली घातली, आणि ते बघवेना म्हणून म्हणा की नुकतंच दुकानदाराच्या पोराकडून शंभरापुढचं मोजायला शिकला होता त्याची मिजास म्हणून म्हणा, सोन्यानं मोठ्यांदा सांगून टाकलं, "एकशे चौदा."

गिरदावर हसला. त्यानं पोराच्या पाठीवर थाप मारली आणि बापाला म्हणाला, इसको मदरसे में डालो. महिन्याच्या आत मेंढरांना देवीचा रोग आला. रोज सकाळी दोन, पाच, आठ मरून पडलेली असायची. शेवटी बोटांवर मोजावी एवढी मेंढरं राहिली, आणि दुधाची दोन शेरडं. बिरू पोराला एका शब्दानं बोलला नाही. शिवी नाही, चापट नाही. पुढच्या सोमवारी त्यानं सोन्याला लासूरच्या शाळेत नेऊन बसवलं आणि तसाच मागं वळून निघून गेला.

मारलं असतं तर बरं झालं असतं. पुढची वीस-एकवीस वर्षं मास्तर त्या गप्प बसण्याखाली जगले होते. बापाचा कळप आपल्या जिभेनं खाल्ला, आणि त्या बदल्यात आपल्याला ही विद्या मिळाली, असा हिशेब त्यांनी लहानपणीच मांडून ठेवला होता. आता ती विद्याही गेली तर मग मेंढरं कशापायी गेली? शुक्रवारच्या पाठाला त्यांच्यासाठी एवढं वजन होतं. तात्यासाहेबांना याची कल्पना नव्हती. कुणालाच नव्हती. शाळेत ते मेंढरांचा शब्द काढत नसत. पायजमा-शेरवानी घालणारे, नीट भांग पाडणारे मास्तर धनगराचे आहेत हे वर्गाला ठाऊकही नव्हतं.

चार दिवस त्यांनी घरात नुसता धडाका लावला. तात्यासाहेबांकडून आणलेलं पुण्याचं पुस्तक समोर, आणि भिंतीला चिकटवलेल्या चिठ्ठ्या. पद. सहगुणक. सजातीय. विजातीय. बायको कस्तुराबाई चुलीपाशी भाकरी थापायची आणि मास्तर तिला वर्ग समजून शिकवायचे. पद म्हणजे काय ते सांगायला लागले, तर तिनं विचारलं, भजनात म्हणतात ते पद का? मास्तर म्हणाले, नाही. मग कचेरीतलं? तेही नाही. मग तिसरं कुठून आणलं, असं तिनं सरळ विचारलं. सजातीय पदांचीच बेरीज होते, विजातीयांची होत नाही, हे ऐकून तर ती भाकरी तव्यावर ठेवून म्हणाली की हितंबी जात आलीच का. मास्तरांनी कपाळावर हात मारला.

पुस्तकात उदाहरण होतं, तीन आंबे आणि दोन पेरू. ही विजातीय पदं, यांची बेरीज करता येत नाही. मास्तरांना ते सोपं वाटलं, म्हणून पाठासाठी तेच घ्यायचं ठरवून त्यांनी कस्तुराबाईवर करून बघितलं.

"पाच फळं," ती म्हणाली.

"न्हाई व्हत. आंबा येगळा, पेरू येगळा."

"मंग टोपलीत काय हाय?"

मास्तर तिच्यावर चिडले. खरं तर तिथंच थांबून विचार करायला हवा होता, पण बायकोनं दाखवलेला खड्डा नवऱ्याला त्यात पडल्याशिवाय कधी दिसलाय?

शुक्रवार उजाडला. तपासनीस साहेब दुसऱ्या तासाला वर्गात आले आणि शेवटच्या बाकावर बसले. धोतर, लांब कोट, नाकावर चष्मा, हातात काळ्या पुठ्ठ्याची वही आणि बारीक टोक केलेली पेन्सिल. तात्यासाहेब दारापाशी उभे राहिले. पोरं इतकी गप्प की बाहेर छावणीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या टांग्याचा आवाज आत येत होता.

मास्तरांनी पाठ केलेलं पहिलं वाक्य बिनचूक म्हटलं. दुसरंही म्हटलं. तिसऱ्याला म्हणाले, "ज्या राशीत एकाहून अधिक रकमा असतात..." आणि थांबले. रकमा हा उस्तादांचा शब्द होता. मागून पेन्सिल कागदावर फिरल्याचा आवाज आला. "पदं. एकाहून अधिक पदं असतात," त्यांनी दुरुस्त केलं. आता फळ्यावर लिहावं म्हणजे तोंड लपेल, या विचारानं ते वळले आणि त्यांनी खडू टेकवून क्षचा वर्ग लिहिला. लिहिल्यावर त्यांना दिसलं की तो फळ्याच्या उजव्या टोकाला पडलाय. जीभ सांभाळली तर हातानं दगा दिला होता. पुढचं पद लिहायला उजवीकडं आता लाकडी चौकट होती.

पुसावं, तर पेन्सिल परत फिरणार. मास्तरांनी पुसलं नाही. ते डावीकडं सरकले, अधिकचं चिन्ह काढलं, त्याच्या डावीकडं ३क्ष लिहिलं, आणखी डावीकडं सरकून अधिक, आणि शेवटी २. पोरं डोळे फाडून बघत होती. फळ्यावर आता वाचायला गेलं तर होतं, २ + ३क्ष + क्ष². साहेबांनी मागूनच विचारलं की हे उलटं का लिहिलं. मास्तर म्हणाले की पदं आहेत साहेब, कुणी कुठंही बसलं तरी बेरीज तीच. उत्तर बरोबर होतं. पण ते गणितानं दिलेलं नव्हतं, भीतीनं दिलेलं होतं, आणि मास्तरांना ते कळत होतं.

मग त्यांनी आंबे आणि पेरू काढले. तीन आंबे अधिक दोन पेरू, किती? दुसऱ्या बाकावर कडूबा बसायचा, गारखेड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, रोज तिथून चालत यायचा आणि मनात आलं ते बोलून मोकळा व्हायचा. तो उठून म्हणाला, "पाच."

"पाच काय?"

"पाच फळं."

"तसं होत नाही. आंबा आणि पेरू ही विजातीय..."

"पन सर, मही माय बाजारातून आनती तवा पाचच फळं आनती."

वर्ग हसला. मास्तरांनी तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. मराठीत नाही, उर्दूतही नाही. कारण पोराचं बरोबर होतं. पाच फळं होतातच. उदाहरणच खोटं होतं, पुस्तकातलं असलं म्हणून काय झालं, आणि खोट्या उदाहरणाचं समर्थन कुठल्याच भाषेत करता येत नाही. तपासनीस साहेबांनी वहीवर काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. तात्यासाहेब दारात खाली बघत उभे होते. मास्तरांना दिसलं की झालं, संपलं. गुलमंडीवर अर्ज लिहायला अजून एक माणूस जाणार.

काय कळलं नव्हतं पोरांना? क्ष म्हणजे आंबा नव्हे. क्ष म्हणजे वस्तूच नव्हे. क्ष हा आकडा आहे, फक्त तो सांगितलेला नाही. आहे, पक्का आहे, पण बोललेला नाही. हे मास्तर मनात उर्दूतून म्हणत होते, मजहूल, मजहूल, आणि म्हणता म्हणता त्यांना आठवलं की ही गोष्ट आपण उस्तादांच्याही आधी कुणाच्या तरी तोंडून ऐकली आहे. मराठीतून ऐकली आहे.

त्यांनी खडू खाली ठेवला.

"कडूबाचं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझं चुकलं. आंबे-पेरू सोडा." आणि एकदम त्यांच्या तोंडाला घरची भाषा आली. "माहा बाप मेंढरं राखतो. लासूर टेशनाकडं. धनगर हावोत आमी."

वर्गात कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलं. मास्तरांनी ते बघितलं आणि पुढं गेले.

"त्याला बाजारात कुनी इचारलं, मेंढरं किती? तर तो आकडा सांगत न्हाई. म्हनतो, हायती तेवढी. आता सांगा, त्याला म्हाईत न्हाई का?"

"म्हाईत असतंय," कडूबा म्हणाला.

"मंग हायती तेवढी म्हंजे किती?"

"हायती तेवढी," वर्गातून दोघंतिघं म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगल्यासारखं झालं.

मास्तरांनी फळ्यावरच्या क्षभोवती गोल काढला. हाच तो. हायती तेवढी असं दर वेळी लिहायचं तर फळा पुरत नाही, म्हणून क्ष. आता तीन भाऊ आहेत, वाटणी सारखी झालेली, दर भावाकडं हायती तेवढी. तिघांची मिळून? ३क्ष. आणखी चार भाऊ आले, त्यांचीही तेवढीच. ७क्ष. मग त्यांनी दोन दुधाची शेरडं आणली. कळप तीन आणि सुटी शेरडं दोन. यांचं ५क्ष होईल का? मग कडूबाच म्हणाला, "न्हाई. दोन शेरडांचे दोन कळप कसे व्हतील?" मास्तर म्हणाले की आता तुला पाच म्हणायचं नाही ना? कडूबा म्हणाला, न्हाई, कळपात किती हायती तेच कुठं म्हाईत हाय.

क्षच्या वर्गाला ते जत्रेत घेऊन गेले. जत्रेत धनगर जमले, किती जमले? हायती तेवढे. आणि दर धनगराकडं मेंढरं किती? तो आकडा जुळवून आणला, जितके धनगर तितकीच दर धनगराची मेंढरं. क्ष वेळा क्ष. मग तीन भाऊ उशिरानं आले, त्यांचे तीन कळप वेगळे उभे राहिले, आणि शेवटी दोन शेरडं. मास्तरांनी एकेक पदावर छडी ठेवली. जत्रा, भाऊ, शेरडं. इतक्या तऱ्हेची पदं एका दावणीला बांधली की ती बहुपदी. आणि सजातीय म्हणजे कुणाची जात नव्हे रे बाबांनो, क्षचा घात सारखा असला की झालं. पोरं पुढं झुकून ऐकत होती. एका मुलानं विचारलं की अशी जत्रा खरंच कुठं भरते, आणि सगळे हसले, मास्तरसुद्धा.

तेवढ्यात तपासनीस साहेब उठले. बाकांमधून चालत फळ्यापाशी आले. बहुपदी वाचली, चष्मा सारखा केला आणि स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाले, "ठीक. पण पाठ किंमत काढल्याशिवाय पुरा होत नाही. क्षच्या जागी संख्या घालून दाखवा. आणि उदाहरण तुमच्या घरचंच आहे, तेव्हा संख्याही घरचीच घ्या. तुमच्या वडिलांच्या कळपात मेंढरं किती?"

साहेबांच्या मनात काहीच वाईट नव्हतं. त्यांनी आपलं सरळ विचारलं. पण मास्तरांच्या पायाखालून एकवीस वर्षं सरकली. तोच साहेब, तीच वही, तोच प्रश्न. आणि आकडा त्यांना माहीत होता. दिवाळीला लासूरला गेले होते तेव्हा डोळ्यांनी आपोआप मोजला होता. तो मलाही माहीत आहे, पण मी तुम्हाला सांगणार नाही.

"हायती तेवढी, साहेब," मास्तर म्हणाले.

साहेबांची पेन्सिल वर थांबली. "म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग सांगा."

"नाही सांगणार, साहेब. आमच्यात सांगत नाहीत." दारातून तात्यासाहेब हातानं खुणा करत होते की सांगून टाका, सांगून टाका. "पण या बहुपदीला त्याची गरज पडत नाही. तिला कुठलाही आकडा चालतो. पोरं देतील तो घ्या. मेंढरांचा तेवढा विचारू नका."

साहेब त्यांच्याकडं बघत राहिले. मग ते वर्गाकडं वळले आणि म्हणाले, बोला. कुणीतरी पाच म्हणालं. पंचवीस, पंधरा आणि दोन, बेचाळीस. दहा. एकशे बत्तीस. पोरांनी पाटीवर खडाखड मांडून सांगितलं. कडूबानं हात वर केला. "शून्य घातला तर, सर? एकबी मेंढरू न्हाई."

मास्तरांनी फळ्यावरच्या २वर छडी ठेवली. मग म्हणाले, "मग दोन शेरडं उरतात. बरोबर आहे. तेवढीच उरतात."

साहेबांनी वही मिटली आणि बरंवाईट काही न बोलता ते निघून गेले.

पुढचे आठ दिवस मास्तरांनी कसे काढले ते कस्तुराबाईलाच माहीत. तात्यासाहेबांनी त्यांना खोलीत बोलावून चांगलं झाडलं. एक आकडा सांगायला काय सोनं लागत होतं? खोटा सांगितला असता तरी कोण मोजायला जाणार होतं? मास्तरांनी ऐकून घेतलं. खोटा आकडा त्यांना सुचला नव्हता असं नाही. पण वर्गात नुकतंच सांगितलं होतं की क्ष आहे तो पक्का आहे, नुसता बोललेला नाही, आणि त्याच तोंडानं खोटा घालायचा तर मग कडूबाला कशाला शिकवायचं? वर गेलेला कागद खाली यायला आठ दिवस लागले. मास्तरांनी तो दोन वेळा वाचला आणि मग कस्तुराबाईला वाचून दाखवला. मराठी कच्ची. लेखन उलट्या बाजूनं. वरिष्ठाच्या प्रश्नास उत्तर देण्याचे नाकारले. विषय पक्का, वर्गास समजला. सदर शिक्षकास पदावर कायम करण्यास हरकत नाही.

"हे कोनतं पद?" कस्तुराबाईनं विचारलं. "भजनातलं का कचेरीतलं?" आणि मग ती डोळ्याला पदर लावून बसली.

रविवारी मास्तर गाडीनं लासूर स्टेशनला गेले. बिरूचा कळप एका कापणी झालेल्या रानात बसला होता. बाप आता साठीच्या पुढं गेलेला, खांद्यावर घोंगडी, डोळ्यांत थोडा पडदा. मास्तर त्याच्या शेजारी बांधावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. रकम, उजव्या टोकाचा क्ष, फळं, जत्रा. म्हाताऱ्याला त्यातलं किती कळलं देव जाणे. तो मेंढरांकडं बघत ऐकत होता. साहेबाच्या प्रश्नापाशी मास्तर आले तेव्हा मात्र त्यानं मान वळवली.

"साहेबानं आकडा इचारला?"

"व्हय, बा."

"नौकरी जानार व्हती, तरीबी?"

"न्हाई सांगितला."

बिरू बराच वेळ काही बोलला नाही. मास्तरांना ते बापाचं गप्प बसणं ओळखीचं होतं, लहानपणापासूनचं. ते उठायला लागले, तेव्हा बापानं त्यांचं मनगट धरून खाली बसवलं. इकडंतिकडं बघितलं. रानात दुसरं कुणी नव्हतं.

"सोन्या, त्या साली गिरदावर आला न्हवं, त्याच्या चार रोज आदीच रोग आल्ता. तुला म्हाईत न्हाई. मेल्याली मी पहाटंच पुरून टाकायचो, कुनाला कळू दिलं न्हाई. तुजं काय चुकलं न्हवतं." म्हाताऱ्यानं खांद्यावरची घोंगडी सारखी केली. "लई डाव वाटलं तुला सांगावं. पन सांगायचं तर आकडा त्वांडातनं काढावा लागतो. अन् मागं थोडी उरल्याली, त्यास्नी काय झालं म्हंजे? म्हनून गप ऱ्हायलो. त्वा मोजली तवा एकशे चौदा व्हती. पर तू मोजायच्या आदी एकशे अठरा व्हती."

एवढं बोलून त्यानं घाईघाईनं जमिनीवरची चिमूटभर माती उचलून मेंढरांच्या दिशेनं टाकली, दृष्ट काढावी तशी.

आठवीला बहुपदी शिकवणारे सोनाजी मास्तर बांधावर बसून एकशे अठरातून एकशे चौदा वजा करत होते. चार. त्यांनी परत केली. बोटांवर, पहिलीतल्या पोरासारखी, एकेक बोट मुडपत. चारच येत होते.